खतावणीत नसलेली बोट

स्कॉटलंडमधल्या ट्रूनच्या धक्क्यावर गाड्यांच्या तिसऱ्या रांगेत आमची गाडी उभी होती आणि शेजारी बसलेली आई पुढच्या काचेतून जहाजाच्या उघड्या पोटाकडे टक लावून पाहत होती. पिवळे जाकीट घातलेला एक खलाशी रॅम्पच्या कडेला उभा राहून एकेका गाडीला नुसत्या दोन बोटांनी आत बोलावत होता, आणि गाडीची चाके लोखंडी पट्टीवरून गेली की दर वेळी तोच एक ठोका ऐकू येत होता. “बोट लागली,” आई म्हणाली आणि स्वतःशीच हसली. आमच्याकडे या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात: बोट धक्क्याला येऊन टेकली हा एक, आणि पोटात ढवळून आले हा दुसरा. आई कोकणातल्या हर्णैची. तिच्या लहानपणी हर्णैला बोट कधी लागतच नसे. ती माणसांना मात्र हमखास लागत असे.

मुंबईहून येणारी आगबोट सुवर्णदुर्गाच्या आसपास भर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची. किनाऱ्यावरून लहान होड्या, म्हणजे पडाव, निघायचे. पडावापर्यंत जायला गुडघाभर, कधी कमरेइतके पाणी तुडवावे लागे. बायकांना आणि मुलांना खलाशी खांद्यावर घेऊन पडावात सोडत. मग लाटेवर पडाव वर आला की बोटीच्या शिडीवर पाऊल टाकायचे आणि तो खाली गेला की थांबायचे. आईने हे सारे मला इतक्या वेळा सांगितले आहे की ट्रंकेच्या कोपऱ्याचा पत्रा तिच्या पोटरीला कुठे लागला होता, तेसुद्धा मला ठाऊक आहे. पावसाळ्यात तीन महिन्यांच्या वर बोट बंद असायची, आणि गिरगावात नोकरी करणारे आजोबा त्या काळात घरी येऊ शकत नसत.

२०२५ च्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे स्कॉटलंडला आली होती. मी किल्मार्नकला राहते आणि एका लहान संस्थेचा जमाखर्च सांभाळते. ॲरन बेट दाखवायला तिला घेऊन निघाले, तेव्हा डोंगर, समुद्र आणि मेंढ्या पाहून ती खूश होईल, असा माझा अंदाज होता. तिने पहिला प्रश्न विचारला तो बोटीच्या किमतीचा.

“केवढ्याला पडली गं ही?”

“दोन बोटी मिळून नऊ कोटी सत्तर लाख पौंडांत व्हायच्या होत्या. खर्च चाळीस कोटींच्या पुढे गेला. ही एक चालते, दुसरीचं काम अजून संपलेलं नाही.”

आईने रुपयांत हिशेब करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. मग म्हणाली, “आणि धक्का?”

“धक्का व्हायचाय.”

“म्हणजे बोट आधी आणली?”

या प्रश्नाचे सरळ उत्तर “हो” असे आहे, आणि ते इतके सरळ असणे हीच या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट आहे.

ॲरन हे क्लाइडच्या खाडीतले सुमारे पाच हजार वस्तीचे बेट आहे. मुख्य भूमीवरच्या आर्ड्रॉसन बंदरातून बेटावरच्या ब्रॉडिकला जायला ५५ मिनिटे लागतात, आणि आर्ड्रॉसनला ग्लासगोची रेल्वे जवळजवळ धक्क्यापर्यंत येते, म्हणून बेटकऱ्यांचा जीव या मार्गावर आहे. आम्ही ज्या बोटीत चढलो ती ‘ग्लेन सॅनॉक्स’ लांबीला १०२ मीटर, तिच्यात ८५२ माणसे आणि १२७ मोटारी मावतात. परंतु आर्ड्रॉसनच्या धक्क्याला ती लागू शकत नाही. म्हणून ती ट्रूनहून सुटते आणि प्रवासाला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. ही बोट आणि तिची बहीण ‘ग्लेन रोझा’ यांची मागणी २०१५ साली नोंदवली गेली. मुख्य भूमीवरचे बंदर आर्ड्रॉसनच राहील की ट्रून होईल, याचा सरकारी निर्णय एप्रिल २०१७ मध्ये झाला. आर्ड्रॉसन कायम राहिले, तेव्हा तिथला धक्का नव्या बोटीच्या मापाने बांधून घ्यायला हवा होता. पण बंदर पील पोर्ट्स या खासगी कंपनीचे, बोटी सीमॅल या सरकारी कंपनीच्या, त्या चालवणारी कॅलमॅक ही दुसरी सरकारी कंपनी, पैसा एडिंबरातल्या सरकारचा आणि काही वाटा स्थानिक परिषदेचा. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, इथे तर घरे चार-पाच होती. आकडा वाढत गेला, ऑगस्ट २०२३ मध्ये खर्चाचा नव्याने विचार करण्यासाठी प्रकल्प थांबवण्यात आला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या बंदरातला आयरिश बर्थ नावाचा धक्का सुरक्षिततेच्या कारणावरून बंदच करावा लागला. पुढच्या फेब्रुवारीत सरकारने बंदर विकत घेता येईल का, याची चाचपणी सुरू केली. दरम्यान बोट तयार होऊन जानेवारी २०२५ मध्ये चालूसुद्धा झाली होती.

ही बोट मी पहिल्यांदा पाहिली ती २०१८ च्या शरद ऋतूत, पोर्ट ग्लासगोला. तिथे न्यूआर्क नावाचा पंधराव्या शतकातला लहानसा किल्ला आहे आणि त्याला खेटून फर्ग्युसनची गोदी आहे. किल्ल्याच्या हिरवळीवर उभे राहिले की दगडी भिंतीच्या मागून जहाजाचे अंग वर आलेले दिसते, त्यामुळे किल्ला खेळण्यातला वाटू लागतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांच्या उपस्थितीत या बोटीचे जलावतरण झाले, तेव्हा तिला खिडक्या बसवलेल्या नव्हत्या; खिडक्यांच्या जागी रंगाने खिडक्या काढल्या होत्या. वर्षभराने मी पाहिले तेव्हा उन्हात त्या रंगाला काचेसारखी चमक नाही, हे लांबूनही कळत होते. मला त्या वेळी त्यात काही गैर वाटले नाही. घराला रंग आधी दिला आणि दारे नंतर बसवली असेल, इतकेच वाटले. पुढे त्याच खिडक्या सगळ्या प्रकरणाचे चिन्ह होऊन बसल्या.

ही गोदी १९०३ सालची आहे, आणि क्लाइड नदीच्या मुखाकडच्या भागात व्यापारी जहाजे बांधणारी ती शेवटची उरली आहे. याच गावात १८१२ साली ‘कॉमेट’ ही वाफेची बोट बांधली गेली आणि युरोपात प्रवासी आगबोटीचा धंदा तिच्यापासून सुरू झाला, असे मानतात. तेव्हा २०१४ मध्ये गोदी बुडाली, जिम मॅकॉल या उद्योजकाने ती घेतली आणि पुढच्याच वर्षी सरकारने तिला दोन बोटींचे काम दिले, यामागची भावना मला समजते. ज्या गावात दोनशे वर्षे जहाजे बांधली गेली, तिथल्या बेटांसाठी परदेशातून बोट आणायची म्हणजे घरात गवंडी असताना भिंत बाहेरच्याकडून घालून घेण्यासारखे होते. पण भावनेने पत्रा कापला जात नाही. आराखडा पक्का होण्याआधी बांधणी सुरू झाली. डिझेल आणि द्रवरूप नैसर्गिक वायू अशा दोन्हींवर चालणारे यंत्र या गोदीला नवे होते. आणि काम फसले तर पैसे परत मिळण्याची नेहमीची पूर्ण हमी घेतली गेली नव्हती. लेखापरीक्षकांनी मार्च २०२२ मध्ये हे सारे लिहून ठेवले आहे. वाद वाढला, सरकारने साडेचार कोटी पौंडांची कर्जे दिली, तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदी पुन्हा बुडाली आणि डिसेंबरमध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. त्यानंतरही २०२२ च्या सुरुवातीला शेकडो केबली लांबीला कमी पडत असल्याचे उघड झाले. वर्षांपूर्वी ओढून गुंडाळून ठेवलेल्या केबली यंत्रापर्यंत पोहोचतच नव्हत्या. वायूचे सांगायचे तर तो टँकरमधून इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या केंट परगण्यातून रस्त्याने आणायचा, अशी योजना होती. पर्यावरणासाठी घेतलेले यंत्र जुन्या बोटीपेक्षा जास्त कार्बन सोडेल असा हिशेब कॅलमॅकनेच मांडला, तेव्हा माझ्या कचेरीतला एरवी राजकारणावर न बोलणारा सहकारीही डोक्याला हात लावून बसला होता.

इथवर सांगितलेले कोणीही सांगेल. वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे या दोन बोटींवर जगली आहेत. हिशेबाच्या वहीत रोज डोके घालणाऱ्या माणसाला मात्र ही गोष्ट थोडी वेगळी दिसते.

आमच्या धंद्यात घसारा हा शब्द रोजचा आहे. वस्तू घेतली की तिचे आयुष्य ठरवायचे आणि दर वर्षी तिच्या किमतीतून थोडे थोडे कमी करत जायचे. ॲरनची जुनी बोट ‘कॅलेडोनियन आइल्स’ १९९३ साली बांधलेली आहे. ठरलेले आयुष्य उलटले तरी ती रोज फेऱ्या मारत राहिली. तिच्या बदलीची बोट घेतल्याशिवाय गेलेले प्रत्येक वर्ष त्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बचत म्हणून दिसले असणार, कारण न केलेल्या खर्चाला खतावणीत रकानाच नसतो. मग जानेवारी २०२४ मध्ये ती नेहमीच्या वार्षिक दुरुस्तीला गेली, रंग खरवडल्यावर आतला पत्रा गंजून गेलेला निघाला, आणि ती वर्षाहून अधिक काळ परतली नाही. दुरुस्तीला एक कोटी पौंडांच्या वर गेले. त्याआधीच, एप्रिल २०२३ पासून, ‘आल्फ्रेड’ नावाची दोन सांगाड्यांची बोट एका खासगी कंपनीकडून महिना दहा लाख पौंड भाड्याने घेतलेली होती. म्हणजे ज्या रकान्यात वर्षानुवर्षे काहीच लिहिले गेले नव्हते, तिथला आकडा दुसऱ्या दोन रकान्यांत एकदम उमटला, एक दुरुस्तीच्या आणि दुसरा भाड्याच्या. दोन्ही महसुली खर्च. त्यातून मालकीची एक वीतभर वस्तूही उभी राहत नाही.

आणि हे केवळ ॲरनपुरते नाही. कॅलमॅकची ‘आइल ऑफ ॲरन’ नावाची बोट तर १९८४ पासून चालत आली आहे. एक जुनी बोट बिघडली की दुसऱ्या मार्गावरची बोट काढून तिच्या जागी लावायची, म्हणजे मग ज्या मार्गाची सर्वांत कमी वर्दळ त्याच्या वाट्याला रिकामा समुद्र येतो. जून २०२३ मध्ये साउथ यूइस्ट बेटावरच्या लॉखबॉइसडेल बंदराची बोट अशीच जवळजवळ महिनाभर काढून घेण्यात आली, तेव्हा शेकडो लोक आपापल्या गाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर घेऊन रिकाम्या धक्क्यावर उभे राहिले. बेटावरच्या माणसाला बोट ही सहलीची गोष्ट नसते. ॲरनच्या माणसाला मोठ्या तपासण्यांसाठी मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात यावे लागते. किराणा, डिझेल, गुरांचा चारा आणि शाळेत शिकवायला येणारा बदली मास्तर, सारे बोटीतूनच येते. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ॲरनचे भाडे रस्त्याने तितकेच अंतर जाण्याच्या खर्चाशी जोडून कमी करण्यात आले, तेव्हापासून प्रवासी आणि गाड्या वाढल्या. पण वाढलेली गर्दी वाहायला बोटी त्याच होत्या. स्वस्त तिकिटाची घोषणा एका भाषणात होते. बोटीला दहा वर्षे लागतात.

जहाजात वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून आई हे ऐकत होती, किंवा निदान मला तसे वाटत होते. खिडकी खरी होती. मी उगीच बोटाने काच वाजवून पाहिली. आई अचानक म्हणाली, “यांचं निदान कोणी लिहून तरी ठेवलंय.”

तिच्या बोलण्याचा रोख माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. कोकणची बोट कशी बंद झाली, हे तिला नेमके सांगता येत नाही, आणि मलाही येत नाही. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींची नावे आमच्या घरात अजून निघतात. आधी वाटेवरची लहान बंदरे गळली, मग फेऱ्या कमी झाल्या आणि ऐंशीच्या दशकानंतर मुंबईहून किनाऱ्याने उतरणारी ती बोट कोकणाला राहिली नाही. एसटी आली होती, रस्ते झाले होते, पुढे रेल्वेही आली, हे सारे खरे. पण बोटी जुन्या झाल्या आणि त्यांच्या जागी नव्या आणल्या नाहीत, धक्के कधी नीट बांधलेच नव्हते ते बांधले नाहीत, आणि यासाठी कोणाची चौकशी झाली नाही. कोणत्याही अंदाजपत्रकात तोट्याचा आकडा दिसला नाही. उलट खर्च वाचला. घाटातून सोळा सोळा तास उलट्या करत गेलेले चाकरमानी, २०११ पासून रुंद होत असलेला आणि अजून पुरता न झालेला मुंबई–गोवा महामार्ग, त्यावरचे अपघात, यांतले काहीही ‘बोट न घेतल्याचा खर्च’ म्हणून कोणी कधी मांडले नाही.

हर्णैला तर आजही मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात जातात. नांगरलेल्या होड्यांपर्यंत बैल पोटाइतक्या पाण्यात उभे राहतात, टोपल्या गाडीत पडतात आणि ओल्या वाळूत लिलाव होतो. पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. मीही काढली आहेत. पण धक्क्याची मागणी आईच्या वयाइतकी नसली तरी माझ्या वयाहून जुनी आहे, आणि त्या छायाचित्रांत जे सुंदर दिसते, त्याचे दुसरे नाव न झालेला धक्का असे आहे.

म्हणून चाळीस कोटी पौंडांचा आकडा ऐकला की माझे दोन तुकडे होतात. इथे कर भरणारी म्हणून मला राग येतो, आणि तो यायलाच हवा. त्या पैशात किती शाळांची छपरे झाली असती, हे मोजायला मला कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु “एवढा पैसा पाच हजार लोकांसाठी कशाला?” असे कोणी म्हणू लागले की हर्णैची मुलगी आत जागी होते. उधळपट्टी दिसते, तिच्यावर अहवाल निघतात, समिती बसते, मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. हयगय दिसत नाही. मला जर दोन्हींतून एकच निवडायची वेळ आली तर मी उधळपट्टीच्या बाजूने कौल देईन, हे हिशेबनिसाने लिहिणे बरे नव्हे. पण तसे आहे खरे.

शहाणपण अगदीच आले नाही असेही नाही. २०२२ मध्ये आयला बेटासाठी दोन आणि २०२३ मध्ये आणखी दोन, अशा चार एकसारख्या बोटींचे काम तुर्कस्तानातल्या एका गोदीला दिले गेले, आणि त्याबरोबर त्या त्या बंदरांची कामेही काढली गेली. स्काय बेटावरचे यूइग बंदर तर कामासाठी चक्क काही महिने बंद ठेवले होते आणि लोकांनी ते कुरकुरत सोसले. तुर्की बोटींनाही उशीर झाला, पण चारही एका मापाच्या असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी लावता येते, आणि धक्का कोणत्या मापाचा हवा हे पत्रा कापायच्या आधी ठाऊक असते. लहान मार्गांसाठी विजेवर चालणाऱ्या सात बोटींचे काम पोलंडला गेले. पोर्ट ग्लासगोच्या लोकांना ते झोंबले. मलाही थोडे झोंबले, कारण किल्ल्यामागून वर आलेले ते जहाज मला आवडले होते.

ब्रॉडिकचा धक्का मात्र २०१८ मध्येच नवा झाला आहे, सुमारे तीन कोटी पौंडांचा. म्हणजे या बोटीला एका टोकाला धक्का आहे आणि दुसऱ्या टोकाला ठरलेला धक्का नाही. आम्ही दिवसभर बेटावर हिंडलो, लॉखरान्झाला जाऊन आलो, आणि परतीच्या बोटीला तासभर अवकाश होता म्हणून धक्क्यापाशी थांबलो. मी आईला गोट फेल मागे येईल असे उभे करत होते. तिला डोंगर नको होता, तिला मागे रॅम्प हवा होता. तसे छायाचित्र काढले आणि हर्णैच्या मामाला पाठवले. मामा आयुष्यभर मासळीच्या व्यापारात होता. पाच मिनिटांत त्याचा निरोप आला: “ओहोटीला गाड्या कशा चढवतात, ते विचार.”

मला उत्तर येत होते. जमिनीकडे बिजागरीने धरलेला लोखंडी पूल असतो आणि त्याचे पाण्याकडचे टोक भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली करतात. पण आईने माझे ऐकून घेतले नाही. ती सरळ पिवळ्या जाकीटवाल्यापाशी गेली, उजवा तळवा समुद्र म्हणून खाली धरला, डावा तळवा धक्का म्हणून वर धरला आणि दोन्हींमधली फट दाखवून मराठीत विचारले, “हे एवढं खाली गेलं की मग?” त्याने हातमोजा काढला, आपला हात मनगटाशी वाकवला आणि बोटांची टोके हळूहळू खाली, तिच्या उजव्या तळव्यापर्यंत आणून टेकवली.